कणसरीच्या मुलांना बेओवुल्फ

(जव्हार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रणप्रत)



या डोंगरांत शाळा उभ्या करून गेलेल्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. एसटी जिथे थांबते तिथून पुढे पायी निघणारी ती माणसं होती. त्यांच्या नावाने बोलायचं तर वर्गातलंच काही बोलावं, असं मला वाटलं. म्हणून विषय कळवला: किशोरवयीन मुलांना जुनं ब्रिटिश साहित्य कसं शिकवावं आणि त्याच्यासोबत त्याचा इतिहास का शिकवावा.

विषय ऐकून काही मित्रांनी मला अडवलं. म्हणाले, आपल्या मुलांना आधी बँकेचा अर्ज भरता येऊ द्या, मुलाखतीत चार वाक्यं बोलता येऊ द्या. हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी मोखाड्याच्या मुलाच्या काय कामाचं? हा प्रश्न रास्त आहे. ज्या गावांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, आणि ज्या तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं, तिथल्या माणसाने प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारलाच पाहिजे. तेव्हा मी आज उपयोगच सांगणार आहे.

आपली मुलं इंग्रजीला भितात. ही भीती स्पेलिंगची आहे का? व्याकरणाची आहे का? थोडीफार असेलही. पण मोठी भीती दुसरी आहे. इंग्रजी त्यांच्यासमोर येते ती कोर्टाची, कंपनीची, मोठ्या साहेबाची भाषा म्हणून. ती जन्मापासून खुर्चीवरच बसलेली आहे आणि आपण कायम तिच्यासमोर उभे आहोत, असं मुलाला वाटतं. ही समजूत खोटी आहे. इंग्रजीलाही बालपण होतं, गरिबी होती, अपमान होता. तीनशे वर्षं तिला तिच्याच देशाच्या राजदरबारात मान नव्हता. हे मुलांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. आणि दाखवायला जुन्या साहित्याइतकं चांगलं साधन नाही. मी आज तीन गोष्टी मांडणार आहे, आणि शेवटी हे वर्गात कसं करावं ते सांगणार आहे.

पहिली गोष्ट: तोंडातून कानात

इंग्रजीतला नावानिशी ठाऊक असलेला पहिला कवी कोण होता? राजपुत्र होता? पंडित होता? तो गुराखी होता. कॅडमन त्याचं नाव. त्याची हकिगत बीड नावाच्या साधूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या लॅटिन ग्रंथात लिहून ठेवली आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी इथे एक मठ होता. हिल्ड नावाची बाई त्याची प्रमुख होती, आणि मठात साधू आणि साध्वी दोघंही राहत. कॅडमन तिथली गुरं सांभाळायचा. जेवणाच्या मैफिलीत हार्प हे तारांचं वाद्य हातोहात फिरायचं, आणि ज्याच्या हाती येईल त्याने गायचं असा रिवाज होता. वाद्य आपल्याकडे येताना दिसलं की कॅडमन उठून बाहेर जायचा. त्याला गाता येत नसे. अशाच एका रात्री तो गोठ्यात जाऊन झोपला. स्वप्नात कुणीतरी आलं आणि म्हणालं, कॅडमन, गा. तो म्हणाला, मला येत नाही, म्हणून तर मी उठून आलो. तो पाहुणा म्हणाला, तरी तू गायचं आहेस. आणि कॅडमन गायला, सृष्टी कशी निर्माण झाली त्याचं गाणं. नऊ ओळींचं ते गाणं आजही उपलब्ध आहे.

शिक्षक मित्रहो, हा प्रसंग तुम्ही पाहिलेला नाही का? धड्याचं वाचन चालू आहे. पाळी बाकाबाकाने पुढे सरकते आहे. चौथ्या बाकावरची मुलगी ओळी मोजते आहे, आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार याचा हिशेब करते आहे, आणि पाळी दोन बाकांवर आली की हात वर करून विचारते, “सर, पाणी पिऊन येऊ?” ती बाहेर जाते आणि पाळी उलटून गेल्यावरच परत येते. तिला रागवण्याआधी कॅडमनची गोष्ट सांगा. इंग्रजी कवितेची सुरुवात पाळी चुकवून गोठ्यात गेलेल्या माणसापासून झाली, हे त्या मुलीला कळलं पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखलं होतं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर कोसबाडच्या त्या दोघींनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. गुराख्याकडे शिकण्यासारखं आणि सांगण्यासारखं काही असतं, हा विश्वास त्यामागे होता.

आता बेओवुल्फ घ्या. तीन हजारांहून अधिक ओळींचं हे काव्य जुन्या इंग्रजीतलं सर्वांत मोठं. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, सुमारे हजार वर्षांपूर्वीची. १७३१ मध्ये ती ज्या इमारतीत होती तिला आग लागली आणि पानांच्या कडा करपल्या. ती एक प्रत जळाली असती तर हे काव्य जगाला कधी वाचता आलं नसतं. कथा अशी: ह्रोथगार राजाने मोठा दरबार बांधला आहे, रात्री तिथे गाणं-बजावणं चालतं. बाहेर दलदलीत ग्रेंडेल नावाचा दैत्य राहतो. त्याला ते गाणं सहन होत नाही. तो रात्री येतो आणि माणसं उचलून नेतो. समुद्रापलीकडून बेओवुल्फ येतो आणि हत्याराशिवाय, नुसत्या हातांनी त्याला मारतो. मग ग्रेंडेलची आई सूड घ्यायला येते. शेवटी म्हाताऱ्या बेओवुल्फची गाठ अग्निसर्पाशी पडते, आणि दोघेही मरतात.

ही कथा मुंबईच्या मुलाला सिनेमासारखी वाटेल. आपल्या मुलांना ती घरच्यासारखी वाटते, आणि त्याचं कारण आहे. रात्री अंगणात माणसं गोल बसली आहेत, घांगळीच्या तारेवर कणसरीची कथा चालली आहे, धान्यदेवी रुसली तर कणगी रिकामी राहील याची धास्ती ऐकणाऱ्यांच्या मनात आहे: हे त्यांनी पाहिलेलं आहे. लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्याशिवाय भिंतीवर काढलेल्या चौकातल्या पालघट देवीला जाग येत नाही, हे त्यांना माहीत आहे. पुस्तकाशिवाय लांबलचक काव्य जगू शकतं यावर शहरातल्या मुलाचा विश्वास बसवावा लागतो. आपल्या मुलांच्या आजीच्या तोंडात ते आहे. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या श्वासात जे साठलं आहे ते कोणत्या पुस्तकात आहे?

एक्सेटरच्या चर्चमध्ये दहाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे. त्यात नव्वदहून अधिक कोडी आहेत, सगळी कवितेत. कांदा, शेतातला नांगर, जहाजाचा नांगर, पुस्तक खाणारी कसर. त्यातलं एक मी वर्गात नेहमी सांगतो. कुणीतरी बोलतं आहे: मला माणसाने मारलं, पाण्यात भिजवलं, उन्हात वाळवलं, माझे केस गेले, मला सुरीने तासलं, घड्या घातल्या, मग पक्ष्याच्या पिसाने माझ्यावर काळे थेंब टाकले, शेवटी लाकडाच्या फळ्यांत बांधून सोन्याने मढवलं, मी कोण? मुलं आधी ढोल म्हणतात. मग चप्पल. मग कुणीतरी पिसापाशी थांबतं, आणि वर्गात एकदम ओरडा होतो: पुस्तक! वासराच्या कातड्याची पानं असलेलं पुस्तक. त्या तासाला कुणी पाणी प्यायला जात नाही. आणि लगेच मुलं आपली कोडी घालू लागतात, वारलीतली, कोकण्यातली. तिथे मास्तर हरतात, आणि मास्तरांनी हरणं फार चांगलं.

अजून एक दुवा सांगतो आणि पुढे जातो. अकरावीच्या युवकभारती पुस्तकात इंग्रजी नाटकाच्या इतिहासावर एक प्रकरण आहे. त्यात मध्ययुगातल्या धार्मिक नाटकांचा उल्लेख येतो. मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. पण यॉर्क शहरात काय होत होतं ते सांगून पाहा. सणाच्या दिवशी पहाटेपासून चाकांच्या गाड्यांवरून सोंगं निघत. बायबलमधला एकेक प्रसंग एकेका कारागीर मंडळाकडे असे. नोहाची नौका बांधण्याचा प्रसंग जहाज बांधणाऱ्यांकडे, महापुराचा मच्छीमार आणि नावाड्यांकडे, आणि येशूला खिळे ठोकण्याचा प्रसंग खिळे बनवणाऱ्यांकडे. मोखाड्याच्या मुलाला हे समजावून सांगावं लागेल का? त्याने बोहाडा पाहिलाय! मुखवटे चढवून देव-दैत्य रात्री रस्त्यावर येतात, संबळ वाजतो, टेंभ्यांचा उजेड असतो, कोणतं सोंग कोणत्या घराण्याचं ते ठरलेलं असतं, आणि शेवटी जगदंबा आणि महिषासुर समोरासमोर येतात. यॉर्कचं ते नाटक सोळाव्या शतकात बंद पडलं. आज अभ्यासक आणि हौशी मंडळी ते तिथे पुन्हा उभं करतात. मोखाड्याचा बोहाडा चालूच आहे. जे त्यांना ग्रंथातून शोधावं लागतं ते आपल्या मुलांच्या गल्लीत आहे.

दुसरी गोष्ट: इतिहास वगळला तर साहेबच उरतो

काही जण म्हणतील, हे ठीक, गोष्टी सांगा. राजे आणि सनावळ्या कशाला? माझं उत्तर असं की इंग्रजी साहित्य आपल्याकडे आलं तेच इतिहास कापून आलं. १८३५ मध्ये इंग्रजी शिक्षणाची मेकॉलेची शिफारस आली. पुढे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झालं. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत इंग्रजी साहित्य हा स्वतंत्र विषय रुजायच्या आधी तो हिंदुस्थानातल्या शाळा-कॉलेजांत शिकवला जात होता. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र विभाग १८९४ चा. आपल्याला शेक्सपिअर आणि मिल्टन दाखवले गेले ते तयार, सजवलेले, सिंहासनावर बसलेले. त्यांच्या मागचा चिखल कुणी दाखवला नाही. दाखवला असता तर राज्य करणाऱ्यांची भाषाही एकेकाळी हरलेल्यांची होती, हे हिंदुस्थानी विद्यार्थ्याला तेव्हाच कळलं असतं.

तो चिखल असा. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम फौज घेऊन उतरला आणि हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरल्ड मारला गेला. वीस वर्षांत जवळपास सगळी मोठी जमीनदारी नॉर्मन सरदारांच्या हाती गेली. विल्यमने १०८६ मध्ये गावोगावची जमीन, नांगर, गिरण्या, डुकरं यांची मोजणी करून घेतली. दरबार फ्रेंच बोलू लागला. धर्म आणि विद्या लॅटिनमध्ये होती. इंग्रजी उरली कुठे? शेतात, गोठ्यात, चुलीपाशी. कोर्टात आपलीच फिर्याद आपल्याला कळत नाही, अशी अवस्था इंग्रज शेतकऱ्याची झाली. १३६२ मध्ये कायदा झाला की खटल्यांत बोलणं इंग्रजीत व्हावं, आणि तो कायदासुद्धा फ्रेंचमध्ये लिहिला गेला. इंग्रजी ही मायबोली असलेला राजा गादीवर आला तो थेट १३९९ मध्ये. सव्वातीनशे वर्षं!

जंगलाचं बघा. विल्यम आणि त्याच्या वारसांनी मोठमोठे मुलूख राजाचं शिकारीचं रान म्हणून जाहीर केले. तिथे गावं होती, शेतं होती. हरीण मारलं तर अंगावर बेतणारी शिक्षा. जळण तोडलं तर दंड, चराई केली तर दंड. रॉबिन हूडच्या गोष्टी या रानातून आलेल्या आहेत. १३७७ च्या सुमारास त्या इतक्या तोंडोतोंडी होत्या की लँगलंड नावाच्या कवीने आपल्या काव्यात त्यांचा उल्लेख केला. आणि त्याच्या आधी, १२१७ मध्ये, राजाकडून वनांची सनद मिळवली गेली. मॅग्ना कार्टा सगळ्यांना माहीत असतो, ही सनद फार थोड्यांना. तिच्यात काय होतं? हरणासाठी कुणाचा जीव जाणार नाही. आपल्या रानात डुकरं चारता येतील. झाडांवर सापडलेला मध आपला असेल. हे हक्क स्वतंत्र प्रजेचे होते, वेठीला बांधलेल्या कुळांना त्यातून फारसं मिळालं नाही, हेही मुलांना सांगा.

आता मला सांगा, वनहक्क दावा, वनपट्टा, ग्रामसभेचा ठराव हे शब्द लहानपणापासून ऐकलेल्या मुलाला ही सनद परकी वाटेल? २००६ च्या वनहक्क कायद्यात मध आणि गौण वनउपज आहे, आणि १२१७ च्या सनदेतही मध आहे. दोन्हींकडे माणसांनी मागितलं आणि झगडून मिळवलं. दहावीच्या मुलाने हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले तर त्याला रॉबिन हूड कळेल, आणि आपल्या बापाचा दावा कशासाठी आहे तेही कळेल.

मजुरीचंही तसंच. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडची निदान एक तृतीयांश माणसं मेली. मजूर कमी झाले, तशी त्यांनी जास्त मजुरी मागितली. सरकारने १३५१ मध्ये कायदा केला की मजुरी प्लेगच्या आधीच्या दरानेच द्यायची, आणि ठरलेल्या मालकाला सोडून जायचं नाही. त्यातून साठलेला राग १३८१ मध्ये उसळला आणि शेतकरी लंडनमध्ये घुसले. जॉफ्री चॉसर तेव्हा लंडनच्या ऑल्डगेट या वेशीवरच्या घरात राहत होता. बंडवाल्यांचा एक लोंढा त्या वेशीतून आत आला. आपल्या शेजारच्या डहाणू-उंबरगावात १९४५ मध्ये वारल्यांनी वेठीला आणि लग्नाच्या कर्जापोटी राबवणाऱ्या लग्नगडीपणाला नकार दिला, ते गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवलं आहे. आजही दिवाळी झाली की आपली कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जगायला जातात. उचल म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला १३५१ चा कायदा समजायला टिपणं लागत नाहीत.

चॉसरविषयी थोडं थांबून बोलतो. त्याचा जन्म १३४३ च्या आसपासचा मानतात. हे साल ओळखीचं वाटतं ना? जव्हारच्या मुकणे घराण्यातल्या नीमशहाला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली ते साल १३४३. म्हणजे आपलं जव्हार आणि इंग्रजीचा पहिला मोठा कवी बरोबरीचे आहेत. चॉसरला फ्रेंच येत होतं, लॅटिन येत होतं. त्याच्या जॉन गॉवर या मित्राने तीन मोठी काव्यं तीन भाषांत लिहिली, एक फ्रेंचमध्ये, एक लॅटिनमध्ये, एक इंग्रजीत. कोणती भाषा टिकेल याची खात्री त्यालाही नसावी. चॉसरने इंग्रजी धरली. त्याच्या काव्यात तीसेक माणसं कँटरबरीच्या यात्रेला निघतात: सरदार, गिरणीवाला, पाच लग्नं केलेली बाई, गरीब धर्मगुरू, त्याचा नांगरधारी भाऊ. वाटेत वेळ जावा म्हणून प्रत्येकाने गोष्ट सांगायची. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या घाट चढून त्र्यंबकला जातात, त्यांतून चाललेल्या मुलाला हे काव्य सांगावंसं वाटणारच. आणि त्याला हेही सांगा की ज्ञानेश्वरांनी चॉसरच्या शंभर वर्षं आधी, १२९० मध्ये, संस्कृत बाजूला ठेवून मराठीत लिहिलं होतं. चॉसर मोठा आहेच, पण आपल्या मुलाने त्याच्याकडे मान वर करून बघायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट: गोष्ट कोण सांगतंय?

आता आपल्याच गावाची गोष्ट. ठाण्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये ती छापली आहे आणि आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पूर्वी जव्हार एका वारली नायकाकडे होतं. पौपेरा, म्हणजेच जयबा मुकणे, त्याच्याकडे आले आणि म्हणाले, मला बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन द्या. नायक हो म्हणाला. जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि सगळं जव्हार वेढलं. वारली नायकाला गंभीरगडाकडचा मुलूख मिळाला.

आता हे ऐका. वेल्सच्या सीमेवरच्या मॉन्मथचा जॉफ्री नावाचा लेखक. ११३६ च्या सुमारास त्याने ब्रिटनच्या राजांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. त्यात सॅक्सनांचा म्होरक्या हेंगिस्ट ब्रिटनचा राजा व्होर्टिगर्नकडे येतो आणि म्हणतो, एका वादीने वेढता येईल एवढी जागा द्या. राजा हो म्हणतो. हेंगिस्ट बैलाच्या कातड्याची एक लांबच लांब वादी कापतो, खडकाळ जागा वेढतो आणि तिथे किल्ला बांधतो. त्याच्याही आधी रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यात कार्थेजची राणी डिडो अशीच जमीन मिळवते.

मी ही गोष्ट वर्गात ठेवली की प्रश्न येतात, आणि ते माझ्या प्रश्नांपेक्षा चांगले असतात. जव्हारची गोष्ट वारली नायकाने सांगितली असती तर कशी सांगितली असती? जॉफ्रीने हेंगिस्टला कपटी ठरवलं, कारण तो हरलेल्या ब्रिटनांच्या बाजूने लिहीत होता. आपल्याकडे तीच युक्ती शहाणपण म्हणून सांगितली जाते. का? गॅझेटिअर कुणी लिहिलं? पंधरा वर्षांच्या मुलाने एवढे प्रश्न विचारले तर साहित्याचा अभ्यास आणखी कशाला म्हणायचं?

जॉफ्रीपाशीच मुलांना आणखी एक गोष्ट कळते. ब्रिटिश म्हणजे इंग्रज नव्हे. त्या बेटावर इंग्रजीच्या आधी वेल्श आणि कॉर्निशच्या पूर्वज भाषा होत्या. आर्थर राजा मुळात त्या हरलेल्या लोकांचा वीर. जिंकणाऱ्यांनी जमीन घेतली आणि पुढे त्यांचा राजासुद्धा आपला करून टाकला. १५३६ मध्ये वेल्सच्या कोर्टांतून वेल्श हद्दपार झाली. एकोणिसाव्या शतकात वेल्सच्या कित्येक शाळांत मुलाने वेल्श बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. दुसरं कुणी बोललं की ती पाटी त्याच्या गळ्यात जाई, आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्याकडे पाटी त्याला शिक्षा. वेल्श टिकली, कारण तिच्यात १५८८ मध्ये बायबल छापलं गेलं होतं आणि लोक तिच्यात प्रार्थना करत होते. कॉर्निश बोलणारी शेवटची पिढी अठराव्या शतकात संपत आली. जी भाषा फ्रेंचच्या जाचातून सुटली, तिनेच शेजारच्या भाषांचा गळा धरला.

शिक्षक मित्रहो, इथे आपल्याला स्वतःकडे बघावं लागेल. आपल्या वर्गातलं वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर लेकरू पहिलीत येतं तेव्हा शाळेची मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. त्याच्या घरच्या शब्दाला आपण “हे अशुद्ध” म्हणतो तेव्हा पाटी दिसत नाही, पण गळ्यात पडते. इंग्रजीपुढे आपली मराठी दबते म्हणून आपण व्याकूळ होतो, आणि ते योग्यच आहे. तीच व्याकुळता वारलीसाठीही वाटली पाहिजे.

एक सावधगिरीचा शब्द. इतिहासाने कविता गिळू नये. १९३६ मध्ये टोल्किन यांनी ब्रिटिश अकादमीत बेओवुल्फवर व्याख्यान दिलं. तेही एक स्मृती व्याख्यानच होतं. त्यांची तक्रार अशी की विद्वान या काव्यातून इतिहासाचे तुकडे खणून काढतात, पण ते काव्य म्हणून वाचत नाहीत. दैत्य आणि सर्प हे काव्याचं हृदय आहे आणि तेच ते बाजूला सारतात. ही तक्रार वाचताना मला आपल्या कणसरीची आठवण होते. तिची गाणी संशोधक ध्वनिमुद्रित करतात आणि ती आदिवासी जीवनाचा नमुना म्हणून कपाटात जातात. त्या गाण्यातली रुसलेली देवी, तिची वाट बघणारं शेत, ओळ पुन्हा येताना बदलणारा एक शब्द, याला कविता म्हणून दाद कोण देतं? बेओवुल्फला जो न्याय टोल्किननी मागितला, तोच मी कणसरीसाठी मागतो आहे.

आता हे करायचं कसं?

थोडक्यात सांगतो. आधी गोष्ट, मग भाषा. बेओवुल्फची गोष्ट मराठीत सांगा. वर्गात कुणी ती वारलीत परत सांगणारं असेल तर त्याला सांगू द्या. मग सोप्या आजच्या इंग्रजीत दोन पानं वाचा. मूळ जुनं इंग्रजी फक्त कानांवर पडू द्या. ते आज इंग्लंडमधल्या मुलालाही कळत नाही, आणि हे ऐकून आपल्या मुलांना फार धीर येतो.

भिंतीवर दोन दोऱ्या बांधा. एकीवर ७३१, १०६६, १२१७, १३६२, १३८१. दुसरीवर १२९०, १३४३, १६६४ च्या सुरत स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांची शिरपामाळावर झालेली भेट, १९४५, २००६. मुलं स्वतः सालं आणून टांगतील.

नोहाची नौका बोहाड्याच्या ढंगात बसवा. संवाद इंग्रजीत, संबळ आपला. ज्याला इंग्रजी वाचताना घाम फुटतो तो मुखवट्याआडून बोलून जातो.

हे सगळं जून ते दिवाळी या काळात करा. त्यानंतर गावं रिकामी होतात, आणि ज्यांना याची सर्वांत जास्त गरज आहे तीच मुलं वर्गात नसतात.

परीक्षेचं काय? ज्या मुलाने एक गोष्ट तीन भाषांत सांगितली आहे, तो सारांश लिहायला घाबरत नाही. आणि नोकरीच्या इंग्रजीचं काय? मुलाखतीत आवाज फुटत नाही तो शब्द कमी पडतात म्हणून कमी, आणि समोरच्यापुढे आपण कमी आहोत असं वाटतं म्हणून जास्त. तो आवाज मोकळा करायचं काम या गोष्टी करतात.

शेवटी आल्फ्रेडची गोष्ट सांगतो. नवव्या शतकात वायकिंगांच्या धाडींनी इंग्लंडचे मठ जळाले, पुस्तकं गेली, वाचणारी माणसं गेली. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड लढता लढता लॅटिन शिकला आणि महत्त्वाची पुस्तकं इंग्रजीत आणू लागला. आपल्या धर्माधिकाऱ्यांना त्याने कळवलं की ज्या स्वतंत्र तरुणांना शिकणं परवडतं, त्यांनी आधी इंग्रजी वाचायला शिकावं, ज्यांना पुढे जायचं असेल त्यांनी मग लॅटिनकडे वळावं. आधी घरची भाषा, मग मोठ्यांची. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी, राज्य जेमतेम वाचलेलं असताना एका राजाला हे सुचलं. बेओवुल्फ लिहून ठेवलं गेलं आणि टिकलं, ते लोकभाषेत लिहिण्याची ही परंपरा होती म्हणून.

माझी मागणी एवढीच आहे. या वर्षी तुमच्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक आश्रमशाळेत दोन वह्या सुरू करा. एकीत मुलांनी या जुन्या इंग्रजी गोष्टी आपल्या शब्दांत लिहायच्या. दुसरीत घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेली गाणी, कोडी, कथा त्यांच्याच भाषेत, देवनागरीत उतरवायच्या. सांगणाऱ्याचं नाव आणि पाड्याचं नाव वर घालून. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला सांगतो: दुसरी वही पूर्ण झाली की तिच्यातली एक गोष्ट तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहा. इंग्रजी जगभरच्या गोष्टी घेऊन मोठी झाली आहे. तुमची गोष्ट तिला अजून कुणी दिलेली नाही, आणि ती देण्याइतकं इंग्रजी तुम्हाला येईल. ते शिकवणं हे आमचं काम आहे, आणि ते आम्ही करू.